‘माई’ या हाकेचे ऋण



दत्तभक्तहो, मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की आपल्या कर्जत-खालापूरच्या गावागावांत दोन गोष्टी कपाटातून बाहेर निघतात. एक गुरुचरित्राची पोथी आणि दुसरे पावतीपुस्तक. पोथीवर सात दिवस पारायण होते, प्रवचने होतात. पावतीपुस्तकावर मात्र कोणी बोलत नाही. दोघे-तिघे कार्यकर्ते ते खिशात घालून गावभर फिरतात, वर्गणी जमते, महाप्रसाद होतो आणि पुस्तक पुन्हा कपाटात जाते. यंदा मी त्या पावतीपुस्तकावरच चार शब्द बोलणार आहे.

प्रवचनात पैशाचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण पाहा, आपल्या देवाच्या काखेला झोळी आहे. माहूरला निद्रा आणि कोल्हापुरात भिक्षा, असा त्याचा नित्यक्रम आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचे नावच दत्त. दत्त म्हणजे दिलेला. अत्रिऋषींना देवाने स्वतःलाच देऊन टाकले, म्हणून तो दत्त. एकाच मूर्तीत देणे आहे आणि मागणेही आहे. मग मागावे कसे आणि देणाऱ्याशी वागावे कसे, हे दत्तसंप्रदायात नाही शिकायचे तर कुठे शिकायचे?

आमचे मंडळ लहान आहे. उत्सवाचा महाप्रसाद, आणि आषाढ-श्रावणात डोंगरावरच्या काही वाड्यांना तांदूळ, डाळ, तेल, एवढेच काम. पूर्वी देणारे गावातलेच होते. भाताची झोडणी झाली की खळ्यावरूनच पायली-दोन पायली बाजूला निघत. आता निम्मे देणारे बाहेरचे. कोणी मुंबईहून शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारे, कोणी खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन मुलाकडे ठाण्या-डोंबिवलीला गेलेले, एखादी कंपनी. हे लोक पहिल्या वर्षी देतात, दुसऱ्या वर्षी देतात, तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत. ही तक्रार मी दोन्ही तालुक्यांतल्या किती मंडळांकडून, वसतिगृहांकडून, गोशाळांकडून ऐकली, त्याला गणती नाही. शेवटी आपण म्हणतो, काय करणार, लोकांची श्रद्धा कमी झाली! मला तसे वाटत नाही. श्रद्धा आहे तेवढीच आहे. आपले जाणे-येणे कमी झाले.

आता गुरुचरित्राच्या पाचव्या अध्यायात चला. पीठापूरची सुमती. घरी श्राद्धाचा दिवस. ब्राह्मण अजून जेवायचे आहेत, आणि दारात एक अतिथी उभा राहिला. शास्त्र पाहिले तर त्याला थांबवायला हवे होते. पण सुमतीने थांबवले नाही, आधी त्याच्या झोळीत भिक्षा घातली. तो अतिथी म्हणजे साक्षात दत्तप्रभू. प्रसन्न होऊन त्यांनी तिला ‘जननी’ म्हटले, काय हवे ते माग म्हणाले. बरं का मंडळी, त्या माउलीने काय मागितले? ना धन, ना राज्य. ती म्हणाली, आपण मला जननी म्हणालात ना, तेवढा शब्द खरा करा. तिची कितीतरी मुले गेली होती, उरलेल्या दोघांत एक पांगळा, एक आंधळा. देवाने तो शब्द खरा केला. श्रीपाद श्रीवल्लभ म्हणून तो तिच्या पोटी आला.

भिक्षेकरी दारात येतो तेव्हा काय म्हणतो? ‘माई, भिक्षा वाढ.’ जगातला प्रत्येक मागणारा देणारीला आई म्हणतो. भिक्षा पडली की तो पुढच्या दारात जातो आणि तिथेही आईच म्हणतो. दत्तप्रभूंनी मात्र ज्या घरी आई म्हटले, त्या घरचे ते लेकरू झाले. हाक मारली ती पाळली. माझे आजचे सगळे सांगणे एवढ्यात आहे. आपण पत्रिकेवर ‘दानशूर’ लिहितो, ‘आधारस्तंभ’ लिहितो, ‘आपल्या परिवारातले सदस्य’ असे लिहितो. लिहायला काही पैसे पडत नाहीत. पण ती हाक वर्षभर पाळतो का?

हाक पाळायची म्हणजे काय करायचे, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट मधमाशीकडून शिकायची. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत मधमाशी आहे. ती एका फुलातून थोडेच घेते, फूल दुखावत नाही, आणि पुढच्या फुलावर जाते. यावरूनच आपल्याकडे मधुकरी हा शब्द रूढ झाला. गाणगापूरला आजही यात्रेकरू दुपारी निदान पाच घरी मधुकरी मागतात. लक्षाधीश माणूससुद्धा तिथे पाच उंबरठ्यांसमोर हात पसरतो. एकाच घरी पोटभर का नाही मागायचे? कारण त्या घरावर भार पडतो आणि आपण त्या एकाच घराचे बांधील होतो.

आपल्यातल्या ज्येष्ठांना ‘वार लावून जेवणे’ आठवत असेल. गरीब विद्यार्थी शहरात शिकायला जायचा. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या, अशी सात घरे आठवड्याला त्याला जेवू घालीत. त्या मुलाने आज काय केले, परीक्षेत किती गुण मिळाले, हे सातही घरांना ठाऊक असे. आणि त्या घरात कोणाला ताप आहे, कोणाचे लग्न ठरत नाही, हे मुलाला ठाऊक असे. पुढे नोकरी लागली की तो पेढे घेऊन त्या दाराशी यायचा. त्या माउलीने पावती मागितली नव्हती. तिला मुलगा मिळाला होता.

लहान देण्याची ताकद आपल्या शेजारीच पाहायला मिळते. खंडाळ्याचा घाट चढून पुढे गेले की तळेगाव. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचकारखाना निघाला. पैसा देणारा माणूस कारखान्याचा मालक झाला नाही, पण तो कारखाना ‘आपला’ झाला. एका शेठजीने सगळी रक्कम दिली असती तर कारखाना निघाला असता, पण तो आपला वाटला असता का?

म्हणजे मोठे दान नको, असे नाही. महर्षी कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले. वर्षानुवर्षे ते लहान रकमांसाठी वणवण फिरले. 1916 साली महिला विद्यापीठ काढले, आणि 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला 15 लाख रुपये देऊ केले. 1896 ते 1920, मोजा, चोवीस वर्षे झाली. मोठा दाता आला तो चोवीस वर्षांचे उभे काम पाहून आला. आपण मात्र कंपनीचा माणूस पहिल्यांदा भेटला की लाखाचाच आकडा सांगतो. ठराविक आकाराच्या पुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, तेव्हा पैसा आहे, हे खरे. पण कंपनीतला साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातो. कामगार आणि फाटकावरचा रखवालदार इथलेच असतात. त्यांना कधी प्रसादाला बोलावले का?

मधमाशीच्या गोष्टीत अवधूताने आणखी एक माणूस दाखवला आहे. तो म्हणजे मध काढून नेणारा. माशांनी जन्मभर साठवलेले तो एका दमात घेऊन जातो. आपल्या डोंगरात मध काढणारे जाणते लोक आहेत. जाणता माणूस मधाचा भाग तेवढा कापतो, पिलांचा भाग राखतो, म्हणजे माशा टिकतात. अडाणी माणूस आख्खे पोळे उतरवतो आणि पुढच्या वर्षी रिकाम्या कड्याकडे बघत बसतो. एखादा भाविक भावनेच्या भरात मोठा आकडा बोलतो. तेव्हा ‘काका, घरी विचारा, झेपेल तेवढेच द्या’ असे म्हणणारा कार्यकर्ता मंडळाचे नुकसान करत नाही. तो पोळे राखतो.

दुसरी गोष्ट गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात आहे. अमरापूरचा गरीब ब्राह्मण. दारात घेवड्याचा वेल. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी त्या शेंगांवर घर चालायचे. नृसिंह सरस्वती त्याच्या दारी भिक्षेला गेले. घरात दुसरे काही नव्हते, म्हणून घेवड्याची भाजी वाढली. महाराज तृप्त झाले, आणि जाताना तो वेलच उपटून टाकला! बायको रडू लागली. ब्राह्मणाने वेलाचे मूळ खणले तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ.

आपण या कथेत कुंभाकडेच बघतो. मी तुम्हाला भाजीकडे बघायला सांगतो. घरात जे होते ते महाराजांनी मागितले, आणि ते पक्वान्नासारखे खाल्ले. आत्ता आपल्या शेतांत भात निघून वाल वर आला आहे. पौष-माघात पोपट्या लागतील. एखादी कातकरी बाई उत्सवाला ओंजळभर वालाच्या शेंगा किंवा नाचणी घेऊन येते. तिची पावती कोण फाडतो? तिचे नाव फलकावर कुठे येते? आमच्या मंडळात आम्ही एक प्रथा पाडली आहे. धान्य, भाजी, श्रम, सगळ्यांची नोंद एकाच वहीत, आल्या क्रमाने. लाख रुपयांच्या खाली ‘शेंगा, एक ओंजळ’ असे लिहिलेले असते. पहिल्या वर्षी काही जणांना ते रुचले नाही. आता तीच मंडळी येणाऱ्या पाहुण्यांना ती वही उघडून दाखवतात.

तिसरी गोष्ट हिशोबाची. पावती देणे हे काही उपकार नाहीत, ते कायद्याचे काम आहे. सार्वजनिक न्यासाला 1950 च्या कायद्याप्रमाणे हिशोब ठेवावे लागतात, तपासून घ्यावे लागतात. ज्याला आपण 80जी म्हणत आलो ती आयकराची सवलत हवी असेल तर 2000 रुपयांच्या वरचे दान रोखीने देऊन चालत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. मागून कळले तर तो आपल्यालाच बोल लावील. अन्नदानाला दिलेले पैसे मंडपाला वापरू नयेत. अडचण आलीच तर आधी विचारावे. विचारले तर शंभरातले नव्वद जण हो म्हणतात, न विचारता केले तर एकही जण विसरत नाही.

पण पावतीने हिशोब पुरा होतो, नाते पुरे होत नाही. त्यासाठी चार ओळींचे पत्र लागते, तेही दिवाळीच्या छापील शुभेच्छांचे नव्हे. ‘तुम्ही दिलेल्या पैशांत अमुक वाडीवरच्या इतक्या घरांना इतके तांदूळ गेले. यंदा पाऊस लांबला म्हणून भाद्रपदातही एक फेरी करावी लागली. तेल कमी पडले.’ बस. कमी पडले तेही लिहावे. सगळे छानच झाले असे सांगणाऱ्यावर घरातल्या माणसाचा विश्वास बसत नाही, मग दात्याचा कसा बसेल? आणि या पत्रात काही मागू नये. वर्षात चार वेळा आपण त्यांना गाठत असू, तर तीन वेळा तरी हात रिकामा न्यावा, किंवा अंगारा-प्रसाद न्यावा.

चौथी गोष्ट सांगताना माझा आवाज थोडा जड होतो. 19 जुलै 2023 ची रात्र आपल्या खालापूर तालुक्यात कोण विसरेल? इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्या दिवसांत मदतीचा ओघ सुरू झाला. ओळख ना पाळख, लोकांनी धान्य दिले, कपडे दिले, भांडी दिली. त्या देण्याला मी नमस्कारच करतो. ज्याचे काळीज हलते तो देतो, आणि काळीज हलणे हीसुद्धा देवाची कृपा आहे.

पण काळीज रोज हलत नाही. आणि डोंगरावरचे पोट रोज भुकेले असते. म्हणून दुसरे देणे लागते, ते नंदादीपाचे. आपल्या महडच्या वरदविनायकापुढचा दिवा 1892 पासून अखंड तेवतो असे सांगतात. तो एका मोठ्या डब्यातल्या तेलावर तेवत राहिला असेल का? किती हातांनी किती पळ्या तेल घातले असेल! ज्यांनी त्या जुलैत धावून दिले, त्यांच्यातल्या कितींना पुढच्या आषाढात कोणी सांगितले, की ‘तुम्ही आला होता, आता परिस्थिती अशी अशी आहे, या एकदा’? संकटात आलेला दाता हा पाहुणा असतो. त्याला घरचा करायचे काम आपले.

आणि घेणाऱ्यालाही देणारा करायचे काम आपले. आपले भाई कोतवाल आठवा. माथेरानला जन्मलेला हा वकील 1942 च्या लढ्यात उतरला आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर हुतात्मा झाला. ते आपण दरवर्षी स्मरतो. पण त्याआधी त्यांनी कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठार उभे केले होते, ते फारसे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात घरातले भात संपायचे. सावकार सवाई-दिढीने धान्य द्यायचा, पावशेर-अर्धा शेर वर घेऊन शेर परत घ्यायचा. कोठार ही गोष्टच अशी, की अडीअडचणीला त्यातून न्यायचे आणि सुगीला त्यात आणून घालायचे. आषाढात जो घेणारा, मार्गशीर्षात तोच देणारा. कोणाची मान खाली नाही. आमच्या वाड्यांवरची काही घरे आता सुगीनंतर मंडळाला अधोली-पायली तांदूळ पाठवतात. आम्ही नको म्हणत नाही. नको म्हटले तर त्यांना कायमचे याचक ठरवल्यासारखे होईल.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते खरी परीक्षा. देणाऱ्याचा हात रिकामा होतो तेव्हा आपण काय करतो?

आमच्या भागात एक आजी होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. पेन्शनीतून दरवर्षी अन्नदानाला पैसे द्यायच्या. बाहेरगावच्या एका मोठ्या संस्थेलाही त्या आणि त्यांचे यजमान कितीतरी वर्षे देत होते. यजमान गेले. महिन्याच्या आत त्या संस्थेचे पत्र आले. ते यजमानांच्याच नावाने होते, ‘या वर्षीची आपली देणगी अद्याप मिळाली नाही’ म्हणून. आजींनी ते पत्र मला वाचायला दिले. त्या रागावल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, ‘त्यांच्या वहीत हे अजून जिवंत आहेत.’ मला काही बोलता आले नाही.

पुढे आजींचे दुखणे वाढले. पेन्शन औषधांत जाऊ लागली. एका ज्येष्ठात त्यांचा निरोप आला, यंदा माझ्याकडे येऊ नका, द्यायला काही नाही. मंडळातले तरुण म्हणाले, कशाला त्यांना संकोचात टाकायचे, नको जायला. मी म्हटले, जायचे. मधुकरी मागणाऱ्याने रिकाम्या दारालाही नमस्कार करावा, ते दार टाळून पुढे जाऊ नये. आम्ही गेलो. तांदळाची पोती त्यांच्या पडवीत उतरवली आणि सांगितले, पुड्या आमच्या बाया बांधतील, मोजणी तुम्ही करायची. आम्हाला कोणाचा भरवसा नाही. आजी हसल्या. खुर्चीत बसून दोन दिवस त्यांनी मोजले. एका पुडीत मूठभर कमी होते, ती परत सोडायला लावली! शेवटचे तीन पावसाळे त्यांनी एक रुपया दिला नाही आणि मंडळाचे काम त्यांच्याच पडवीतून झाले. त्या गेल्या तेव्हा तेराव्याला वाडीवरच्या सात-आठ बाया डोंगर उतरून आल्या. त्यांना कोणी कळवले नव्हते. कोपऱ्यात बसल्या, जेवल्या, जाताना फोटोला हात लावून गेल्या.

मंडळी, दाता आणि घेणारा यांची गाठ पडली, आणि मधले आपण बाजूला झालो, तर मंडळाचे काम नीट झाले असे समजावे. आपण झोळी आहोत. झोळीत पडलेले झोळीचे नसते.

तर यंदाच्या जयंतीला एक लहानसा संकल्प करू. गेल्या पाच वर्षांची पावतीपुस्तके काढू. ज्यांचे देणे थांबले त्यांची नावे एका कागदावर लिहू. उत्सव झाल्यावर, लक्षात ठेवा, उत्सव झाल्यावर, दोघादोघांनी एकेका घरी जाऊ. पावतीपुस्तक घरी ठेवू. सुंठवडा, अंगारा आणि गेल्या वर्षी काय काम झाले त्याचा एक कागद नेऊ. कोणी आजारी असेल तर बसू. कोणी गेले असेल तर वहीत तशी नोंद करू आणि त्यांच्या नावाने एक पान वाढू. कोणी रागावले असेल तर ऐकून घेऊ. कोणी विचारील, ‘काय काम काढले?’ तर सांगू, ‘काही नाही, भेटायला आलो.’

सुमतीच्या दारात उभा राहिलेला तो अतिथी आपल्याला एवढेच शिकवून गेला. माई म्हणायचे असेल तर लेकरू व्हायची तयारी ठेवून म्हणावे. नाहीतर झोळी घेऊन निघूच नये.

श्रीगुरुदेव दत्त!